चोविसाव्या दिवसाबाबत माझी व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, दातेरी चाकं कापून पोट भरलेला इसम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. बुद्धी शाबूत आहे, कान त्याहून शाबूत. कोणाचं दडपण नाही. राग आहे, आणि तो माझा स्वतःचा आहे.

१. राहतं घर आणि खालचा कारखाना मी शून्यातून उभा केला. वडिलांकडून मिळालं ते फक्त नाक. घर मुलगा आणि मुलगी यांना सामाईक. मध्ये भिंत घालायची नाही. मेहुण्याने नेलेला पाना मी त्याला आता दिला असं समजावं, म्हणजे त्याला चैन पडेल.

२. मुलगा आगीचा बंब चालवतो. त्याची सुट्टी दर सहाव्या दिवशी. मुलगी इस्पितळात परिचारिका. तिची दर आठव्या दिवशी. त्यांची आई गेली तेव्हा ठरलं, की दोघांची सुट्टी एकदम पडेल त्या दिवशी दोघांनी माझ्याकडे जेवायला यायचं. हिशेब मुलाने केला आणि अठ्ठेचाळिसावा दिवस सांगितला. इतक्या उशिरा का, असं विचारलं तर म्हणाला, "सहा आठे अठ्ठेचाळीस, बाबा. पाढे तुम्हीच पाठ करून घेतलेत ना?"

पाढे घेतले, अक्कल घ्यायची राहिली. सहाचा पाढा बारा, अठरा, चोवीस असा जातो. आठाचा सोळा, चोवीस. दोन्ही पाढ्यांत पहिल्यांदा सापडतो तो चोवीस, आणि तोच लसावि. सहा आणि आठ दोघांच्याही पोटात दोन आहे. सरळ गुणाकार केला की तो दोनदा धरला जातो आणि उत्तर दुप्पट फुगतं. सहा दातांचं चाक आठ दातांच्या चाकाला भिडवा, समोरासमोरच्या दातांना खडू लावा. चोवीस दात सरकले की खुणा पुन्हा भेटतात. ज्याचं बालपण या चाकांत गेलं त्याने मला गुणाकार शिकवावा? दर मधल्या चोविसाव्या दिवशी मी तिघांचा स्वयंपाक करून बसतो, आणि जिन्यावर पाऊल वाजतं ते दूधवाल्याचं.

३. सबब यंत्रं, हत्यारं आणि शिल्लक सर्व मुलीला. मुलाला पाढ्यांची पाटी.

४. (सहीपूर्वी.) आज चोविसावा दिवस, म्हणून दोघांना बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, "चोवीस दादाला ठाऊक होतं, बाबा. मीच त्याला अठ्ठेचाळीस सांगायला लावलं. त्या सुट्टीला मी दार लावून झोपते. इथे आले की तुम्ही आईचा विषय काढता, मग दुसऱ्या दिवशी मला कामावर उभं राहवत नाही."

मला का नाही सांगितलंस, म्हणून मी चढ्या आवाजात विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला यंत्राचं सगळं ऐकू येतं."

राग उतरलेला नाही. माझ्याच पाढ्याने मला फसवलं, तेही दोघांनी मिळून. तरी कलम तीन रद्द. सर्व निम्मं निम्मं. दर चोविसाव्या दिवशी दोघांनी या घरात यायचं, ही अट कायम. मात्र मागची खोली मुलीची. तिला झोपायचं असेल तर झोपू द्यावं, भावाने तिचं ताट झाकून ठेवावं, कोणी हाक मारू नये. माझ्या हयातीत हे मलाही लागू.

ठिकाण: कारखान्यावरचा माळा. दिनांक: १४ मार्च.
सही

साक्षीदार: १. समोरचा शिंपी २. औषधाच्या दुकानातल्या बाई

सही आमच्यादेखत झाली. मागच्या खोलीत मुलगी झोपलेली असल्याने त्यांनी मजकूर आम्हांला हळू आवाजात वाचून दाखवला.