कुलूप वगळून सर्व मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा बायकांचे कपडे शिवणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाविना माझ्या मिळकतीची ही व्यवस्था लिहून ठेवते. मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला, पण त्याआधी मला वजनकाट्यावर उभे केले. "मनाचं वजन करताय का?" असे विचारले, तर नुसते हसले. ते हसणे मला आवडलेले नाही. वकील टाईप करून देतो म्हणाले. मी हातानेच लिहीत आहे. मधले एखादे पान कोणी बदललेच, तर माझ्या अक्षराची नक्कल त्याला जमायची नाही.

१. शिलाई मशीन व कात्र्या माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या भावाच्या, दादाच्या मुलीला. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत असते आणि तिला धड सुईत दोरा ओवता येत नाही. तरी तिलाच, कारण तिने मला एकदा सरळ विचारले होते, "आत्या, लहानपणी तू खरंच जास्त खायचीस का गं?" बाकीच्यांना उत्तर आधीच ठाऊक होते. मोठी कात्री सूनबाई, म्हणजे दादाच्या मुलाची बायको, मागत होती. कशाला, ते सांगेना. तिला देऊ नये.

२. बँकेत असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा. उचलणारे माझ्या वजनावर विनोद करणार, याची मला खात्री आहे. म्हणून गाडी आधीच सांगून ठेवली आहे.

३. आता कुलपाविषयी. लहानपणी आमच्या कपाटातली बिस्किटे नाहीशी होऊ लागली. घरात मुले दोन. दादा काडीसारखा, मी गोल. चौकशी झालीच नाही. आईने कपाटाला कुलूप घातले. आल्यागेल्याला ती सांगे, "हिच्यामुळे लावावं लागतं." दादा तिथेच बसलेला असे. एका ताटात जेवून तो वाळका राहिला आणि मी फुगत गेले, हाच माझ्याविरुद्धचा पुरावा.

मागच्या वर्षी भाचीने माझे रक्त तपासले. पालेभाज्यांतून फोलेट नावाचे जीवनसत्त्व मिळते. ते शरीराच्या कामी लावणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. हे विकर ज्या जनुकावरून बनते, त्यात माझ्याकडे आईकडूनही आणि वडिलांकडूनही एक फरक आलेला आहे. त्यामुळे माझे विकर आळशी. अशा लोकांत लठ्ठपणाचा धोका थोडा जास्त असतो, असे काही अभ्यास सांगतात. मी म्हटले, सुटले बाई! तो अहवाल काच लावून भिंतीवर टांगणार होते. पण स्वभाव संशयी. "दादाचंही तपास," म्हटले.

दादाच्या रक्तात तोच फरक निघाला. तोही दोन्हीकडून.

"हे कसं गं?"

"आत्या, काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत दिसतच नाही. धोका म्हणजे शिक्का नव्हे. तू जाड का झालीस, ते एवढ्यावरून नाही सांगता येणार. आणि बिस्किटं कोणी घेतली, ते तर मुळीच नाही."

त्या दिवशी मी खूप रडले. जन्मात माझ्या बाजूने बोलणारा एक साक्षीदार मिळाला होता, तोही फुटला.

४. घराचा माझा अर्धा हिस्सा, ज्यात स्वयंपाकघर येते, तो दादाची नात गोटी हिला. ती नऊ वर्षांची आहे आणि अंगाने माझ्यावर गेली आहे. सूनबाईने माळ्यावरून तेच कुलूप शोधून काढले आणि कपाटाला घातले. मी काढायला सांगितले, तर म्हणाली, "आत्याबाई, तिच्या भल्यासाठीच हो!" आणि शेजारणीला म्हणाली, "त्यांचं काय ऐकायचं, त्यांच्याकडे बघितलं की कळतंच." भिंती पातळ आहेत, हे तिला माहीत नसावे. किंवा असावे. परवा गोटी माझ्या खोलीत आली. "आजी, कपाटातलं मी नाही गं घेतलं. तू तरी खरं मानशील ना?"

मी मानते. स्वयंपाकघर तिचे झाल्यावर तिच्याच कपाटाला तिच्याविरुद्ध कुलूप घालण्याचा अधिकार कोणासही राहणार नाही. खाण्यापिण्याचे डॉक्टर सांगतील तसे तिने करावे. चोर मात्र म्हणवून घेऊ नये. ते कुलूप व किल्ली माझ्या मिळकतीत धरू नये. ती मी कोणालाही देत नाही.

५. दादाला काहीही नाही. साक्षीदाराने लाभ घेऊ नये, असे वकील म्हणतात, आणि मला दादाची सही हवी आहे. घरात तेव्हा मुले दोनच होती आणि मी घेतली नव्हती, हे मला ठाऊक आहे. त्याच्या सहीखालची जागा कोरी ठेवत आहे. त्याने काही लिहिले नाही, तरी ही व्यवस्था कायम राहील. मी समजायचे ते समजेन.

हे सर्व मी वाचून पाहिले. वकिलांनीही वाचले, त्यानंतर मी पुन्हा वाचले.

(सही)
स्थळ: माझी शिवणाची खोली
दिनांक: अकरा नोव्हेंबर

साक्षीदार पहिला: डॉक्टर. (सही) त्यांनी वजनाविषयी काही लिहिलेले नाही, हे मी बघून घेतले आहे.

साक्षीदार दुसरा: दादा. (सही)
बिस्किटं मी घ्यायचो. आईनं मला एकदा बघितलंही होतं. तरी कुलूप तुझ्या नावानं लागलं आणि मी गप्प बसलो. आत्ता सूनबाईला हे सांगून आलो, गोटीच्या समोर. कपाट उघडं आहे.