पाण्यावर पाठ टेकताना

४ फेब्रुवारी

चि. पैलवानास,
अ. उ. आ.

तुझ्या बायकोने कळवलं, की तुझ्या बुटाची नाडी आता तीच बांधते आणि तू तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत असतोस. लाद्या उचलून पाठ गेली, हे अख्ख्या कारखान्याला दिसतं. डॉक्टरांनी पोहण्याच्या तलावात जाऊन नुसतं पाण्यावर पडायला सांगितलं, तर म्हणे तू हसलास. बाप्या माणसाने कण्हू नये, हे बाबांचं वाक्य धरून बसलायस. दुखणं अंगावर काढतच ते गेले, हे मात्र सोयीने विसरतोस. तुझे भावोजीही तुझ्याच बाजूचे. पुरुषाच्या पाठीत बायकांनी नाक खुपसू नये, म्हणतात.

तुझ्यावर लोभ आहे म्हणून रागावते.
ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

परवा लादी हातातून निसटली. जोडीदाराचा पाय थोडक्यात वाचला. तो नुसता पायाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो.

पाण्यावर वाफ होती, काचेच्या छतातून दुधासारखा उजेड. शिकवणाऱ्या बाईंनी मानेखाली हात धरला आणि म्हणाल्या, काहीच करू नका. ताई, तेच जमेना. पाय लाकडासारखे ताठ. मग कधीतरी त्यांनी हात काढून घेतला, मला कळलंही नाही. कान पाण्यात, जग कुठेतरी लांब. छत सरकत होतं की मी, कोण जाणे. मला वजनच नव्हतं.

आता रोज जातो. कारखान्यात जलपरी म्हणतात. म्हणू देत.

तुझा लोभ आणि राग, दोन्ही राहू दे.
पैलवान

१९ मार्च

चि. पैलवानास,
अ. उ. आ.

तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवलं. जलपरीवर मनसोक्त हसले. मग म्हणाले, ते वजन नसल्याचं पुन्हा वाच. वाचलं. त्यांनी माझा हात धरून छातीवर ठेवला आणि सांगितलं, की जिना चढताना इथे दुखतं, बरेच महिने झाले.

रागावत बसले नाही. तशीच चपला घालून त्यांना घेऊन निघाले. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू आहेत, पुढच्या महिन्यात छोटं ऑपरेशन. परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ते सावकाश चालत होते, दुकानांचे दिवे बघत, जणू आपला रस्ता पहिल्यांदाच बघतायत.

आत्ता भरदुपारी पाय पसरून पडलेत. तुला विचारायला सांगतात, काहीच न करायला शिकायला किती दिवस लागतात.

दोघांवर माझा लोभ आहेच, थोडा स्वतःवर तुम्हीही करा.
ताई