बेळगाव–काठमांडू हमरस्ता

५ ऑगस्ट २०२३, सकाळी सहा
बस डेपोत बत्तीस वर्षं टाइमटेबल लावलं. आता रिटायर. रिकामं बसायचं नाही. बेळगाव ते काठमांडू थेट हमरस्ता, पुढं थिंपू आणि ढाक्याला फाटे. नकाशा तयार. पैसा: चाळीस टक्के परदेशी बँक, चाळीस टक्के चार देश मिळून, वीस टक्के इतर. इतर म्हणजे कोण, ते मागाहून बघू.
उद्यापासून रोज पाच किलोमीटर चालणे.

६ ऑगस्ट
पाऊस. चाललो नाही.
रस्ता आपल्याच गावावरून का, असं सौ.नं विचारलं. सुरुवात कुठून तरी करावीच लागते, असं सांगितलं.

१९ ऑगस्ट
बँकेला ईमेल केला. चार मिनिटांत उत्तर! तुमचा मेल मिळाला, आभारी आहोत. आमचा डेपो मॅनेजर रजेच्या अर्जाला चार आठवडे लावायचा.

११ सप्टेंबर
बेळगावात खासबागेतल्या नेपाळी वॉचमनकडं नेपाळी शिकायला सुरुवात. प्लॅन सांगितला. गोरखपूरपर्यंत ट्रेन आहे की, म्हणाला. व्हिजन नाही.

२२ जानेवारी २०२४
आले! पांढरी जीप, तीन माणसं, तिपाईवर यंत्र. सर्व्हे चालू. बँकेकडूनच का, असं विचारलं. त्यांच्यातले साहेब हसले. नाही म्हणाले नाहीत. माझ्या नकाशाचा मोबाईलवर फोटोही काढला. मीच त्यांना शिवारभर फिरवलं. कुणाची हद्द कुठं, विहिरी कुठं, सगळं दाखवलं. गावात इतक्यात बोलू नका, असं जाताना म्हणाले. मोठ्या कामात गुप्तता लागतेच.

२५ जानेवारी
धाकट्या भावाच्या, भरमाच्या, रताळ्याच्या रानात दगड पुरलाय. पिवळा, वर लाल आकडा: ४१. भरमा तणतणत आला. "अण्णा, ह्यो रस्ता न्हवं. रस्त्याचं दगड वळीनं असत्यात. ह्ये चौकोनात पुरल्यात." त्याला इंटरचेंज म्हणतात, असं समजावलं. शब्द त्याला नवीन. मलाही.

१० फेब्रुवारी
आकडा ८६ वर. एक दगड स्मशानाच्या वाटेवर. पुरताना कुणी दिसत नाही. सकाळी बघावं तर असतो. कुत्री त्या अंगाला जायची बंद झालीत.
सौ. म्हणते, साहेबांना नीट विचारा. विचारणार. योग्य वेळी.

३ मार्च
साहेबांचा फोन. गावाची संमती हवी, तुमचा शब्द मानतात म्हणे. मानतातच. दोन मुक्कामी गाड्या मीच आणल्यात गावाला. चौदा पानी कन्नड कागद पाठवला. पहिलं पान वाचलं. 'लॉजिस्टिक' असा शब्द आहे. म्हणजे नेपाळच्या ट्रकांची सोय. उरलेलं निवांत वाचणे.

१७ मार्च
तेहेतीस सह्या. एका दिवसात. बायाक्कानं, भरमाच्या बायकोनं, कागद हातात धरून ठेवला. "भावजी, तुमी वाचलायसा न्हवं सगळं?" व्हय, म्हटलं. मग भरमानं सही केली.
उद्या उरलेली पानं वाचणे.

२ मे
साहेबांचा फोन लागत नाही. चार देशांशी बोलायचं म्हणजे बिझी असणारच.

८ ऑक्टोबर
शिवाराच्या हायवेकडच्या अंगाला पत्र्याचं कुंपण. बोर्डावर कुठल्याशा कंपनीचं नाव, खाली 'ट्रक यार्ड व गोदामे'. बोर्डावरच्या नकाशात रस्ता आहे. यार्डापासून हायवेपर्यंत. अडीच किलोमीटर. फेज वन असावा.

९ ऑक्टोबर
कागद काढला. सगळी पानं वाचली. नवव्या पानावर यार्डाला द्यायच्या जमिनींचे नंबर, भरमाचाही. अकराव्यावर, दिलेली संमती परत घेता येणार नाही. शेवटी साक्षीदार म्हणून माझी सही. तेहेतीस वेळा. अक्षर चांगलं आलंय.
भरमाला सांगणे.

१४ ऑक्टोबर
सांगितलं नाही. त्याची काढणीची गडबड.

२० नोव्हेंबर
भरमाला नोटिशीतून कळलं. तो आला नाही. बायाक्का आली, सौ.शी बोलली. जाताना दारातून एवढंच म्हणाली, "व्हय म्हनला हुतासा."
उद्यापासून वकील, मोर्चा, पेपरात बातमी.

२९ नोव्हेंबर
वकील म्हणाला, साक्षीदारच तुम्ही, मी काय बोलू? मोर्चासाठी पाच घरं फिरलो. तीन घरी दार उघडलं नाही. दोन घरी उघडून लावलं.

१२ जानेवारी २०२५, संध्याकाळी
आज जेसीबी आले. दोन. पोलीसही. भरमाच्या विहिरीपुढं आडवं पडायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं. सौ.लाही सांगितलं होतं. गाव बांधावर उभं. मी पुढं निघालो. तेवढ्यात जीपमधून साहेब उतरले, हसले. "नमस्कार, नागोजीराव!" म्हणून सगळ्यांदेखत हात वर केला.
मीही केला.
भरमा बघत होता.
विहीर बुजायला एक तास दहा मिनिटं लागली.