अप्पांच्या कानांबद्दल

१२ जानेवारी, सोमवार. औसा
मन्मथअप्पा आले होते, बायको महानंदाताईंसोबत. नोव्हेंबरात लघवीच्या इन्फेक्शननं थंडी वाजून, अर्धवट शुद्धीत आणलेला माणूस. आज जिना चढून आला. पिशवीभर हुरडा आणला. "म्याडम, तुमच्यामुळं फिरायलो." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

निघताना ताई म्हणाल्या, "ताप गेला, पर कान लई जड झालेत ह्यांचे. गिरणीपायी."

अप्पांची पिठाची गिरणी आहे, तीस वर्षांपासून. मी म्हणाले, "हो, गिरणीच. एवढा आवाज म्हणल्यावर व्हायचंच." लगेच म्हणाले, श्वास घ्यायच्या आत. तेच डोक्यातून जात नाही.

१३ जाने.
फाईल काढली. अमिकासिन, रोज एक सुई, साडेसातशे मिलिग्रॅम. एकूण दहा. लघवीच्या कल्चरमध्ये त्या जंतूंवर हे चालत होतं आणि अजून एक औषध. मी अमि. घेतलं, हाताला बसलेलं म्हणून.

क्रिअॅटिनिन पहिल्या दिवशी १.१. चौथ्या दिवशी १.६. म्हणजे किडनी दमली, औषध बाहेर टाकेना. तिथंच थांबायचं, नाहीतर दोन सुयांत अंतर टाकायचं. एमबीबीएसचं पोरगंही सांगेल. खाली सिस्टरच्या अक्षरात माझी फोनवरची ऑर्डर: "सलाईन वाढवा. अमि. चालू."

त्या दिवशी सकाळचा राउंड उरकून मी लातूरला, मावसबहिणीकडच्या लग्नात. रिपोर्ट मोबाईलवर पाहिला, दुसऱ्या हातात जेवणाचं ताट. ताप उतरतोय ना, मग कशाला छेडा. असंच काहीतरी मनात आलं असणार. नीट आठवत नाही, हे अजून वाईट.

सहाव्या दिवशी पाय सुजले म्हणून लघवी वाढवायची सुई. तीही कानाला वाईट, अमि.सोबत तर फारच. माझीच ऑर्डर. आणि रोजच्या राउंडला, दहाही दिवस: "तक्रार नाही."

१४ जाने. संक्रांत
शोभा सिस्टरला विचारलं. सोळा वर्षं माझ्याकडं आहे, तोंडावर बोलते. "म्या आठव्या दिशी सांगितलं व्हतं म्याडम. अप्पा टीव्ही लई मोठा लावायलेत, बाजूचा पेशंट भांडायलाय. तुमी म्हनलात, गिरणीवाला हाय तो."

म्हणजे गिरणी मला तेव्हाच सापडली होती. सोमवारी नुसती परत वापरली.

तिळगूळ दिला तिनं. गोड बोला काही म्हणाली नाही.

१६ जाने.
तोंडी परीक्षेला हाच प्रश्न आला होता मला. या जातीच्या औषधांना कुठल्या दोन जागा सांभाळायच्या? किडनी आणि कान. किडनी बहुतेक सुधारते, कान नाही. रक्तातून औषध काही तासांत निघून जातं, पण कानाच्या आत ते कित्येक दिवस ठाण मांडून बसतं. तिथल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आधी बारीक, टोकदार आवाज जातात, मग बोलणं. सुया बंद झाल्यावरही ऐकू येणं कमी होत राहतं. सगळं धडाधड सांगितलं होतं. परीक्षक खूश.

१९ जाने., सोम.
अप्पांना लातूरला कानाच्या डॉक्टरकडं पाठवलं. दुपारी त्याचा फोन. माझ्याच बॅचचा आहे, अरे-तुरेतला.

"गिरणीवाला आहे म्हणे. पण हा ऐकण्याचा आलेख गिरणीचा नाही. गिरणीनं चार हजार हर्ट्झवर खड्डा पडतो, पुढं रेघ थोडी वर येते. ह्याची रेघ कोसळली ती कोसळलीच, दोन्ही कान सारखे. काही औषध दिलं होतंस का?"

"बघून सांगते," म्हणाले.

फाईल टेबलावर उघडीच होती.

२३ जाने.
गिरणीवर गेले. रस्त्यातच होतं म्हणून, असं सांगितलं. रस्त्यात नव्हतं.

वरच्या चाडीतलं धान्य संपलं होतं. दगडावर दगड घासत होता. तो कर्कश आवाज मला रस्त्यापलीकडून ऐकू आला, दात शिवशिवले. अप्पा मशीनला लागून उभे, चेहरा एकदम शांत. घरातून ताई पळत आल्या, बटण बंद केलं. पिठाला जळकट वास. पीठ न्यायला आलेली बाई डबा उचलून म्हणाली, "ह्या महिन्यात दुसऱ्यांदा, अप्पा." त्यांनी हसून मान हलवली. एवढी वर्षं हा माणूस नुसत्या आवाजावरून दगडांमधलं केसभर अंतरही ओळखायचा. आता हात पत्र्यावर ठेवून अंदाज घेतो.

मी ओरडून विचारलं, "अप्पा, बरं हाय ना?"

"हाव."

ताई म्हणाल्या, "त्यांना काय बी इचारा म्याडम, हावच म्हनत्यात. दवाखान्यात बी तसंच. डॉक्टरला न्हाई कसं म्हनावं, म्हनून ऐकू आलं न्हाई तरी हाव."

मी राउंडला रोज काय विचारायचे? बरं हाय ना? ऐकू येतं ना? त्यांचं हाव, माझं "तक्रार नाही". आपल्याकडं डॉक्टरला कोणी नाही म्हणत नाही, हे मला जन्मापासून माहीत. मी काय परदेशातून आले होते? घड्याळ कानाशी धरून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मग ताई सहज म्हणाल्या, "सासूबाईंचे बी कान असेच गेले. टीबीच्या सुया चालू व्हत्या तवा. घराण्यातच हाय हे."

चहा तसाच ठेवून आले. सांगितलं काहीच नाही.

२४ जाने.
टीबीच्या सुया म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. अमि.चं सख्खं भावंड. काही घराण्यांत आईकडून येणारा दोष असतो, त्यांना चार-दोन सुयाही पुरतात, डोस अगदी बरोबर असला तरी.

तासभर हलकं वाटलं, कबूल करते. घराण्यातच आहे म्हणे. आधी गिरणी, आता आई. मग १.६ आठवलं. दोन्ही खरं असू शकतं. मला त्यातलं एकच खरं हवंय.

आणि घरात टीबीच्या सुयांनी कोणाचे कान गेले का, हेही मी ॲडमिट करताना विचारलं नव्हतं. साखर आहे का, बीपी आहे का, एवढंच.

२५ जाने.
हा दोष आई सगळ्या लेकरांना देते, पण पुढं फक्त मुली देतात. अप्पांच्या मुलाला भीती नाही. बहिणीला आहे. त्या नायगावला असतात, ताईंकडून कळलं. त्यांची मुलगी नांदेडला दिली, सातवा महिना चालू आहे. जन्मल्या बाळाला जरा ताप आला की पहिली सुई जेन्टामायसिनची, सगळीकडं. तीही ह्याच जातीची.

म्हणजे मी गप्प बसले तर ते फक्त माझ्यापुरतं राहत नाही.

२७ जाने.
अप्पांचं रक्त ह्या दोषाच्या तपासणीला पाठवलं, मोठ्या शहरात. शोभानं घेतलं. "कशाचं हाय म्हनून सांगू?" मी म्हणाले, कानाचं.

२८ जाने.
सुधीरना सांगितलं. नवरा असला तरी आधी वकील. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "बोलायचं तर बोल. कागदावर काही देऊ नकोस."

अहो, पण त्यांना ऐकू येत नाही.

"मग बायकोला सांग."

कान कोणाचे गेले? ताईंचे? आधी अप्पांनाच सांगायला हवं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून नाही.

 

१ फेब्रुवारी
नायगावला फोन केला, अप्पांच्या बहिणीला. मुलीच्या कार्डावर लाल पेनानं लिहून घ्या, तिला आणि बाळाला ह्या जातीची सुई द्यायची नाही. नावं सांगितली, त्यांनी नातवाच्या वहीत उतरवून घेतली. नांदेडच्या डॉक्टरशीही बोलले. एवढं तरी झालं.

बहीण हुशार. म्हणाली, "आमच्या दादाला दिल्ती का ही सुई?"

म्हणाले, पेशंट थांबलेत, नंतर बोलते. एकही पेशंट नव्हता.

२ फेब्रु.
लातूरला फोन करून बॅचमेटला सांगितलं. दहा डोस, १.६, लघवीची सुई. तो म्हणाला, "होतं गं सगळ्यांकडून." नको होतं मला ते.

४ फेब्रु.
चार कागद फाडले. पहिल्यावर होतं, "या औषधाचा क्वचित असा दुष्परिणाम होऊ शकतो." दुसऱ्यावर, "आपल्या कानांवर परिणाम झाला असावा." काय भाषा आहे. कोणी काही केलंच नाही, सगळं आपोआप झालं. "झालं"च्या जागी "मी" घालायला अख्खी दुपार गेली.

शेवटी एवढं राहिलं:
"अप्पा, तुमचे कान गिरणीनं गेले नाहीत. मी दिलेल्या सुयांनी गेले. चौथ्या दिवशी रिपोर्टमध्ये धोका दिसला होता. मी सुया थांबवल्या नाहीत. तुमच्या घराण्यात, बहिणीला आणि भाचीलाही, या सुया न सोसण्याचा दोष असेल, तपासणी चालू आहे. पण चूक माझी आहे. कानाला मशीन लागेल, ते मी बघते."

खाली सही केली. शिक्का मारला नाही.

६ फेब्रु., शुक्र.
दिला.

ओपीडी संपल्यावर बोलावलं होतं. दोघं समोर बसले. ताईंना वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. अप्पांनी चष्मा लावला. एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचलं. परत वरून वाचलं. मी पंख्याकडं बघत होते.

ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "भाचीचं कळवलं का?" मी मान हलवली.

"चौथ्या दिशीच कळलं व्हतं?"

परत मान हलवली.

"मंग पुढच्या सहा सुया कशाला दिल्या?"

लग्न होतं, ताप उतरत होता, हाताला बसलेलं औषध. सगळं तोंडात आलं. त्यांनी पेन माझ्यापुढं सरकवलं. मी टोपण काढलं आणि परत लावलं.

ताई घाबरल्या. "काय लिवलंय? काय झालं? म्याडम?"

अप्पांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. "पथ्य लिवलंय," म्हणाले.

मग उठले. रोजच्यासारखे हात जोडले नाहीत. ताईंनी जोडले, दोघांच्या वतीनं. जिन्यावरून त्यांचा आवाज येत होता, काय काय खायचं नाही ते विचारत होत्या.

९ फेब्रु., सोम.
अप्पांना आज मशीनच्या मापाला बोलावलं होतं. आले नाहीत. फोन ताईंकडं असतो. उचलला, आवाज नेहमीसारखाच. "म्याडम, ह्यांनी जेवणातलं मीठ सोडलं बघा. तुमीच लिवून दिलंय ना?"

मी हो म्हणाले.