अनवाणी कॉयर

वसतिगृह,
८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पानगळ सुरू झालीय. सकाळी नववीच्या मुली पटांगण झाडून पानांचा ढीग रचतात आणि प्रार्थना आटपेपर्यंत वारा सगळं पुन्हा पसरून ठेवतो. मदर म्हणतात, राहू दे, मुलींना चिकाटी शिकवायला याहून चांगला तास नाही. संध्याकाळी रंगीत काचांतून ऊन चॅपेलमध्ये उतरतं. बाकं, मेणबत्त्या, मुलींच्या वेण्या, सगळं मधात बुडवल्यासारखं दिसतं. मी कॉयरच्या मुलींना गाणं शिकवायला उभी राहते आणि क्षणभर विसरूनच जाते, की आपण इथे कशाला आलोय.

आता मुद्द्याचं. रागावू नकोस हं. माझा उजवा कान पुरता गेलाय आणि डावाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही. मुलींचे ओठ हलताना दिसतात, आवाज मात्र लांबून, धुक्यातून आल्यासारखा येतो. गाणं शिकवणारी बाई आणि बहिरी, आहे की नाही गंमत! पण मला एक शोध लागलाय. परवा बूट भिजले म्हणून काढून ठेवले, तर ऑर्गनचा सूर लाकडी जमिनीतून थेट तळपायात आला, पार पोटरीपर्यंत. तेव्हापासून मी अनवाणीच उभी राहते.

इथे कुणाला बोललेली नाही. पुढच्या महिन्यात दिवंगतांच्या स्मरणाची मिस्सा आहे, चॅपेलमधली मोठी प्रार्थना, ती पार पडेपर्यंत बोलणारही नाही. माझा कॉयर काढून घेतला तर मी काय करू गं?

तुझ्या शिलाई मशीनला माझा नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी
धाकटी


दुकान,
१५ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी लावून बसले. ती उसवता उसवता तुझ्यावर भरपूर तोंडसुख घेतलं. अगं बाई, पन्नाशी उलटली तरी तुझी लपवालपवी काही सुटत नाही! आणि या थंडीत अनवाणी? सोबत लोकरीचे मोजे पाठवतेय, मुकाट्याने घाल.

मदरना आधी सांगून टाक. त्या काय तुला खाणार आहेत? आणि मुलींना कळलं नसेल असं समजू नकोस. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, हे काजं करायला येणाऱ्या माझ्या दोघी पोरींना माझ्या आधी कळलं होतं.

रागावले ते वरवरचं. खरं म्हणजे मशीन थांबवून भरपूर रडले. लहानपणी तू गायला लागलीस की मी शेजारच्यांना खिडक्या उघडा म्हणून सांगत फिरायचे. तुझ्याच कानांवर ही वेळ यावी?

जेवणखाण वेळेवर कर. रोज तुझी वाट बघणारी,

तुझी
ताई


वसतिगृह,
२९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजे उबदार आहेत, पण ते घातले की सूरच येत नाही. म्हणून झोपताना घालते. चालेल ना?

इकडे भलतंच झालं. सरावाला आले तर चॅपेलच्या दाराबाहेर बुटांची ही लांबलचक रांग, आणि आत सगळा कॉयर अनवाणी! दहावीच्या उंच मुलीने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की सिस्टरांनी, म्हणजे मी, मिस्सेपर्यंत काहीतरी व्रत धरलंय असं आम्हाला वाटलं, मग आम्हीही धरलं. मला हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना. तेवढ्यात रांग बघून मदर आत आल्या. मग मी सगळ्यांसमोरच सांगून टाकलं, की व्रत वगैरे काही नाही, मला ऐकू येत नाही, सूर तळपायांतून घेते. बूट घाला आणि आपापल्या खोलीवर जा, असंही सांगितलं.

मुली जागच्या हलल्या नाहीत. आजही बूट बाहेरच असतात.

मदर अगदी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, ओठ नीट दिसतील अशा. मग म्हणाल्या, की कॉयर ठेवायचा की सोडायचा हे मिस्सा झाल्यावर तुम्हीच ठरवा, मी मध्ये पडणार नाही. आता मी कशी ठरवू? मिस्सा चांगली झाली की वाईट, हे मला कळणार कसं? इथे सगळे माझं मन राखतील. म्हणून तू ये. पहिल्या बाकावर बस, नीट ऐक आणि घरी जाऊन सावकाश लिही. वाईट झालं असेल तर तसं लिही. मी कॉयर सोडेन आणि ग्रंथालयात बसेन. तुझ्याशिवाय माझ्याशी खरं बोलणारं कुणी नाही.

येशील ना? येच.

तुझी
धाकटी


दुकान,
५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. खरं लिही म्हणालीस, तर घे. पहिलं गाणं रेंगाळलं. दुसऱ्यात एका सर्दी झालेल्या पोरीने ऐन मोक्याला शिंक दिली. तिसरं बरं चाललं होतं, तर ऑर्गनवरच्या तुमच्या गणिताच्या सिस्टरांनी एकदम दोन पानं उलटली आणि गोंधळून वाजवायच्याच थांबल्या. का थांबल्या, ते तुला कळलं नसेल. तुझ्या पायाखालची जमीन तेवढी गप्प झाली. तुझा हात हवेत तसाच राहिला. वाटलं, संपलं.

मी तोवर बूट काढून बसले होते. हसू नकोस, तुझा शोध खरा की खोटा ते बघायचं होतं. पाय नुसते गारठत होते. पण ऑर्गन थांबला आणि माझ्या तळपायांना ठोका लागला. मग दुसरा. बघते तर मुली गाता गाता टाचांनी ताल धरताहेत. अनवाणी टाचा, आवाज कसला तो नाही. मागच्या बाकांवर कुणाला पत्ताही लागला नाही. तुझा हात पुन्हा हलला, आणि त्यापुढचं गाणं असं झालं की मला डोळे पुसायला रुमाल सापडेना.

ग्रंथालयाचं नावसुद्धा काढू नकोस. तिथल्या जमिनीवर गालिचा आहे, मी बघून आलेय.

मोजे आणखी विणायला घेतलेत, सगळ्या पोरींसाठी. गाणं संपलं की घाला म्हणावं.

तुझी
ताई