काजांचा भाव

आई, आजचं शिवण बाजूला सारून तुला लिहायला बसलेय. पाठ धरलीय, डोळे चुरचुरतायत, आणि अशा वेळी मला कल्याणचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. चुलीवर भाताचं आधण ठेवून तू सदऱ्यांना काजं करतेस. बाबांच्या पगारात घर भागायचं आणि तुझ्या काजांवर माझी शाळा. गल्लीतल्या सगळ्याच बायका बाजारातल्या शिंप्याकडून ते काम आणायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुझं वाण घेतलं की वर्षभर ठरल्या भावाखाली कोणी काज करायचं नाही, हे न बोलता ठरलेलं. शिंप्यालाही ते ठाऊक होतं. बिचारा कुरकुरत का होईना, पैसे द्यायचा.

फाळणीनंतर गावाबाहेरच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी कुटुंबं आली आणि त्यांच्या बायका निम्म्या भावात काजं करू लागल्या. “घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं,” शेजारच्या काकू म्हणाल्या. तू मात्र त्या वर्षी छावणीतल्या बायकांनाही हळदीकुंकवाला बोलावलंस. त्या आल्या, तिळगूळ खाल्ला, वाण म्हणून दोऱ्याची रिळं घेतली, माझे गालगुच्चे घेतले. दुसऱ्या दिवशी शिंप्याकडून निम्म्याच भावाने गठ्ठा उचलला. गल्ली पेटली. “आपलं वाण घेऊन आपल्याच पोटावर पाय देतात होय?” काकू तुला विचारत होत्या, जसं काही तूच कमी भाव घेतला होतास. तू मला घेऊन तडक छावणीत गेलीस.

त्यांच्यातली थोरली बाई बराकीच्या दारात काजंच करत बसलेली. तू वाणाचं बोललीस तेव्हा ती गोंधळली. “बहन, हमने समझा प्यार से दिया. शर्त थी तो बोलना था ना.” तुम्हीही आमच्याएवढाच भाव मागा, असं तू म्हणालीस, तर ती म्हणाली, “भाव एक होगा तो वो काम आपको ही देगा. आपको जानता है. हमको कौन जानता है?” मला तिचा राग आला, आणि ती खरं बोलत होती म्हणून जास्तच आला.

आठवड्याने तू तिलाच सोबत घेऊन शिंप्याकडे गेलीस. भाव जुनाच, पण काम निम्मं गल्लीला, निम्मं छावणीला. दोघी मिळून अडून बसल्यावर त्याचा इलाज खुंटला. काकूंनी आपल्याकडे येणं सोडलं. आपल्या वाट्याची काजं अर्धी झाली आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. “तिच्याही घरी पोरी आहेत गं,” तू एवढंच म्हणालीस. मीही पोरच होते ना आई?

पुढे मीही शिवणावरच संसार ओढला. आता मजुरीवरून वाद झाला की बायका मला विचारायला येतात आणि मी तुझंच सांगते, भाव एक ठेवा, काम वाटून घ्या. तू आता नाहीस, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते बरंच आहे. तू बरोबर होतीस, हे मी सगळ्यांना सांगते. तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे कुणालाच सांगितलेलं नाही.