कोरडा गाल

ता. १९ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र. कागदावर तरी मधे बोलायची सोय नाही.

गाडी वेळेवर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर झाले. मालकांनी चारच दिवसांची रजा दिली होती आणि वर ऐकवलंही, की ऑपरेशन नवऱ्याचं आहे, तुमचं नाही. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे बसवत होते आणि मनात एकच घोळत होतं, की तुमच्या भावाच्या कानामागची ती नळी काढली का. त्यांना फोनवर विचारलं तर 'हं' म्हणाले. या माणसाच्या 'हं'मध्ये होही असतं आणि नाहीही, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

खरं सांगू? तुमचा राग आलाय. गाठ पहिल्यांदा तुम्हाला दिसली. अठरा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून जेवते, त्यात चष्म्याच्या काड्या वाकवताना लोकांचे कान न्याहाळायचा माझा धंदा, आणि मला दिसली नाही. तुम्ही दोन दिवसांसाठी आलात, चहाचा कप खाली ठेवलात आणि विचारलंत, की टिल्लूच्या कानाखाली हा अक्रोडाएवढा गोळा कसला. मी मेली कायम त्यांच्या उजव्या हाताला बसते, आणि गाठ डावीकडे! साधी निघाली, कॅन्सर नाही, देव पावला. तुमचे उपकारही कबूल. पण मोठं हॉस्पिटल तुमच्याच गावात, त्यामुळे आता शुश्रूषाही तुम्हीच करणार. मग मी कोण?

हसताना ओठाची डावी बाजू वर जाते का, ते बघून कळवा. डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून दाखवलं होतं. गाठ ज्या लाळेच्या ग्रंथीत होती, तिच्या पोटातूनच चेहऱ्याची नस जाते आणि तिथे तिला फाटे फुटतात. ती वाचवणं हेच खरं ऑपरेशन, असं त्या म्हणाल्या. मला त्याचीच धास्ती आहे.

राग आहे तसा लोभही आहे, दोन्ही सांभाळून घ्यावेत.

आपली,
वहिनी


ता. २५ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

पत्र पोचलं. नाकाला मिरच्या झोंबल्यात ते अक्षरावरूनच कळलं.

नळी तिसऱ्या दिवशी काढली, टाके काल निघाले. कानाच्या पुढून खाली येऊन मानेकडे वळलेली बारीक रेघ आहे. तीस वर्षं पडदे शिवतेय मी, पण अशी शिवण मला जमायची नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असली गाठ नुसती उकरून काढत नाहीत. तिचं कवच फुटलं तर आतले कण सांडतात आणि कित्येक वर्षांनी तिथेच पुन्हा उगवतात. म्हणून भोवतालच्या ग्रंथीचा थोडा भाग धरून अख्खी उचलली. हत्यार नसेजवळ गेलं की आवाज करणारं यंत्रही लावलं होतं. नस शाबूत आहे, पण दुखावली गेल्याने सध्या रुसलीय. टिल्लू हसला की ओठाचा डावा कोपरा मागे राहतो आणि पाणी पिताना ओघळ येतो. दोनेक महिन्यांत सुधारेल म्हणतात. डोळा नीट मिटतो, काळजी करू नकोस.

कानाची पाळी मात्र बधिर झालीय. काल सूप घ्यायला कुरकुर करत होता म्हणून कान पिळला, तर गडी शांतपणे पेपर वाचतोय! याच्या लहानपणापासून माझ्या हातात तेवढं एकच हत्यार होतं, तेही गेलं.

तू कोण, असं विचारलंस. अगं, आई गेली तेव्हा हा तीन वर्षांचा होता आणि मी चौदाची. याचं नाक पुसता पुसता मी मोठी झाले. लग्न राहून गेलं त्याचंही काही वाटलं नाही, कारण घरात हा होता. मग तू आलीस आणि आयता वाढवलेला घेऊन गेलीस. पंधरा दिवस माझ्या वाट्याला आलाय तर राहू दे की! तेवढ्यातही रोज संध्याकाळी विचारतो, घरी कधी जायचं. म्हणजे हे त्याचं घर नाही वाटतं.

तू तुझी खुशाली कळव, त्याची मी कळवीनच.

तुझी वन्सं


ता. ११ सप्टेंबर

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

टिल्लू परवा सुखरूप पोचला. आज तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी भुवया उडवायला सांगितल्या, गाल फुगवायला सांगितले, शीळसुद्धा घालायला लावली. बाहेर बाकावर बसलेले पेशंट चकित! ओठ अगदी सरळ झालाय. कानामागे जरा खळगा आहे, तो राहायचाच.

आता खरी बातमी ऐक. परवा जेवायला बसला आणि तिसऱ्या घासाला याचा डावा गाल लाल झाला. बघता बघता कानापुढे घामाचे थेंब आले आणि धारच लागली. उजवा गाल मात्र कोरडा ठणठणीत. माझी पाचावर धारण बसली. पण आज डॉक्टरीणबाई ऐकून हसल्या. म्हणाल्या, ग्रंथी काढताना तिला लाळेचा निरोप देणाऱ्या बारीक नसा तुटतात. पुन्हा वाढताना त्या वाट चुकतात आणि कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. मग तोंडाला पाणी सुटलं, की गालाला घाम सुटतो. पुष्कळांना होतं, धोका काही नाही, अडचण वाटली तर उपाय आहे. मी म्हटलं, आमच्याकडे त्याची कुणाला अडचण?

वहिनी, याचा अर्थ ध्यानात आला का तुझ्या? ज्या घुम्याने जन्मात कधी जेवण चांगलं झालं म्हटलं नाही, त्याचा गाल आता आपणहून बोलतो! काल मशरूमचं सूप केलं तर धार. आज लसूण घालून बटाटे भाजले तर बनियनवर बसून, गळ्यात टॉवेल अडकवून जेवला. तुझ्याकडे असं कधी झालं का गं? सहज विचारते.

आणखी एक. त्याच्या लिफ्ट कंपनीला इथल्या नव्या इमारतींसाठी वर्षभर मेकॅनिक हवाय. पंधरा ऑक्टोबरपर्यंत हो-नाही सांगायचंय. माझी मागची खोली रिकामीच असते. मी काही आग्रह करत नाही.

लोभ आहेच, तो वाटून घेऊ.

तुझी वन्सं


ता. २९ सप्टेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सहज विचारलंत. मी सहज उत्तर देते. नाही झालं.

तुमचे बंधू परत आल्यापासून रोज वाट बघतेय. लसूण घालून बटाटे केले. मशरूम केले. सुपात अख्खं लिंबू पिळलं. जागा बदलून त्यांच्या डाव्या हाताला बसते आता. त्यांनी कारण विचारलं तर सांगितलं, की इकडे उजेड बरा येतो. घास तोंडात जातो, मी गालाकडे बघते आणि गाल आपला कोरडाच्या कोरडा. काल कच्चं आंबट सफरचंद मीठ लावून दिलं. माझ्या स्वतःच्या दातांना नुसतं बघून कळा आल्या, पण त्यांच्या गालावर टिपूस नाही.

माझ्या हाताला चव नाही, हे एकवेळ सोसेन. पण वन्सं, अठरा वर्षं त्यांच्या त्या 'हं'चा मी माझ्या मनाने अर्थ लावत आले. छान झालंय, म्हणजे 'हं'. तू आहेस ते बरं आहे, म्हणजे 'हं'. तो सगळा माझाच गैरसमज होता का? तोंडाला कुलूप लावता येतं, गालाला कसं लावणार? तुमच्या घरी तो बोलतो आणि माझ्या घरी गप्प बसतो, याहून आणखी काय कळायचं राहिलं?

वर्षभर तिकडे जायचं असेल तर जाऊ देत. मी अडवणार नाही. हे खोटं लिहिलं. अडवायचंय, पण कुठल्या तोंडाने अडवू? जळते मी तुमच्यावर. दुकानात, घरी, भांडी घासताना, नुसती जळते.

या खेपेला लोभाचं काही लिहीत नाही.

वहिनी


ता. ५ ऑक्टोबर

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

लिहीत नाही म्हणतेस, म्हणजे आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि जास्तीचा एक कप चहा करून प्यायले. वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. लिंबू पिळूनही गाल कोरडा म्हणजे कमालच! मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी ज्या हातचं खाल्लं तो हात जीभ विसरत नाही, त्याला तू तरी काय करणार?

मागच्या खोलीला निळे पडदे शिवून लावलेत. अस्तर घातलंय, सकाळचं ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून. तू रजा काढून येत जा अधूनमधून. तुझ्यासाठीही जागा आहे.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी वन्सं


ता. १७ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी दुकानातली वीज गेली आणि मालकांनी लवकर सोडलं. घरी आले तर बाथरूमचं दार उघडं. आत आरशापुढे तुमचे बंधू, संध्याकाळची दुसरी दाढी करून, काखेत लावायची घाम थांबवणारी कांडी डाव्या गालावर फिरवतायत! ताज्या दाढीवर ती झोंबत असणार, कारण डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, माणूस कामातून गेला.

मला बघून कांडी पाठीमागे लपवली. मग बोलले, आणि वन्सं, एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. तुमच्याकडून निघायच्या दिवशी ते गुपचूप पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, उपाय विचारायला. तेव्हापासून रोज मी दुकानातून यायच्या आत हा कार्यक्रम उरकतात. मी विचारलं, वन्संकडे तर टॉवेल लावून खुशाल जेवलात, मग माझ्याकडेच हे सोंग कशाला. त्यावर म्हणाले, अक्काने माझं नाक पुसलंय, तिच्यापुढे कसली लाज? तुझ्यापुढे गळका गाल घेऊन कसं बसायचं? आधीच खळगा पडलाय, आणि तू दिवसभर लोकांचे चेहरे बघून येतेस.

शेहेचाळीस वर्षांचा, दाराएवढा माणूस, आणि मला आवडावा म्हणून गाल चोळतोय! मला हसू आवरेना आणि रडूही.

कांडी मी कपाटात कुलूप लावून ठेवली. तिचा असर उतरायला दोन-तीन दिवस गेले. शुक्रवारी नुसतं ऑम्लेट केलं होतं, त्यातही मीठ जास्त पडलेलं, आणि गाल असा वाहायला लागला म्हणून सांगू! मी माझ्या हाताने पुसला. ते लाजले. मीही लाजले.

कंपनीला त्यांनी 'नाही' म्हणून कळवलंय. मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, शप्पथ. कारण विचारलं तर म्हणाले, 'हं'.

आता जळायची पाळी कुणाची, ते तुम्हीच ठरवा. लोभ पूर्वीपेक्षा दुप्पट पाठवतेय.

आपली,
वहिनी


ता. २६ ऑक्टोबर

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

माझी. आधी तेवढं लिहून टाकते.

पत्र आल्यापासून मशीनवर बसायची इच्छा झाली नाही. पहिल्या दिवशी स्वतःला समजावलं, की तुझ्याकडच्या कांडीपेक्षा माझ्याकडचा टॉवेल मोठा. माझ्यापुढे त्याला चोरून काही करावं लागत नाही, हक्काने वागतो, आणि हा हक्क तुला सात जन्मांत मिळायचा नाही. ते खरंच आहे, आजही म्हणेन. पण मन काही ऐकेना.

इथे असताना तो दाढी वाढवून, बनियनवर, गाल निथळत जेवायचा आणि मी कौतुकाने बघत बसायची. सत्तावन्न वर्षांची झाले, वहिनी. माझ्यापुढे जेवायला बसायचं म्हणून कुणी आरशापुढे उभं राहिलेलं मला आठवत नाही. मला ते हवं होतं, हेसुद्धा तुझं पत्र वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं. टिल्लूकडून नाही गं. कुणाकडून तरी.

जळते मी तुझ्यावर, आणि या खेपेला चहा करूनही उपयोग झाला नाही.

एक सांगते, मोठी म्हणून ऐक. त्याची कांडी त्याला परत दे. कपाटाचं कुलूप काढ आणि संध्याकाळी जरा उशिरानेच घरी जात जा. त्याला गाल चोळू दे, झोंबू दे, आणि तू काहीच माहीत नसल्यासारखी येऊन बस. गाल कोरडा दिसला की मनातल्या मनात काय ते समज. मला लिहून कळवू मात्र नकोस.

तुझी वन्सं